भागीरथीबाईंचे कापलेले श्वास

उशीच्या अभ्र्याच्या कडेला एक दोरा सुटला होता. करंगळीच्या पेराएवढा, पांढरा, टोकाशी थोडा उसवलेला. हेरंब कुशीवर झोपला होता आणि तो दोरा नेमका त्याच्या नाकपुडीसमोर आला होता. श्वास बाहेर पडला की दोरा कापडावरून उचलला जाई, श्वास संपला की पुन्हा खाली पडे. शलाका समोर स्टुलावर बसून केबल गुंडाळत होती आणि त्या दोऱ्याकडे पाहत होती. काही शोधायचं म्हणून नव्हे. खोलीत तेवढी एकच गोष्ट हलत होती. दोरा फार सावकाश हलत होता, हे मात्र तिच्या लक्षात आलं.

दुपार टळत आली होती. बाहेर विजेच्या डांबावर खट्ट आवाज झाला आणि पंख्याची घरघर खाली खाली येत थांबली. कोपऱ्यातल्या राउटरचा हिरवा दिवा विझला.

दोरा कापडावर पडला आणि उठला नाही.

शलाकाने केबलचा वेढा हातातच धरून ठेवला. आता उठेल, तिला वाटलं. दोऱ्याला काही झालं असेल, उशीखाली अडकला असेल. ती वाकली. दोरा मोकळा होता. हेरंबच्या छातीवरच्या शर्टाचं बटण खिडकीच्या उजेडात चमकत होतं आणि ती चमक जराही सरकत नव्हती. त्याचा चेहरा शांत होता, जेवून तृप्त झालेल्या माणसाचा असतो तसा. ओठांचा रंग मात्र बदलायला लागला होता.

"हेरंब."

तिने त्याला खांद्याला धरून हलवलं. मग दोन्ही हातांनी हलवलं. मग गालावर मारलं. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा मोठा आवाज करत त्याने श्वास आत ओढला आणि उठून बसला.

"काय गं! आग लागली का?"

"लाइट गेली."

"मग मला कशाला उठवतेस? मी काय वायरमन आहे?" त्याने कानांतले, गाणं ऐकवणारे मणी काढले, तळहातावर घेऊन पाहिले. "छान लागली होती झोप. गाल का झोंबतोय माझा?"

शलाकाने केबल खाली ठेवली. ही पहिली वेळ नव्हती. डोळ्यांसमोर घडलेली पहिली वेळ होती, एवढंच. आलेखांवर ती हे काही आठवड्यांपासून पाहत होती आणि कुणाशीही बोलली नव्हती.

आणि परवा डॉक्टर ओगले येणार होत्या, ते गाणं नवजात बाळांच्या वॉर्डांसाठी कायमचं घ्यायला.

*

त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव 'कातळ'. कंपनी म्हणजे हेरंब, त्याची बायको शलाका आणि रत्नागिरीबाहेर सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, आंब्याच्या रसाच्या बंद पडलेल्या कारखान्यातली एक शीतखोली. आंबा साठवायला बांधलेल्या जाड भिंतींमध्ये आवाज घुमत नसे. कापसाचे गालिचे लावल्यावर तिथे मुंगीही ऐकू येते, असं हेरंब पाहुण्यांना सांगायचा. तो आवाज गोळा करायचा. खाडीतल्या चिखलात बुडबुडे फुटतात तो आवाज, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा, नमनाच्या खेळातल्या मृदंगाचा. मग ते संथ करून, एकात एक मिसळून, त्याखाली सिंथेसायझरचे लांब स्वर अंथरून अल्बम काढायचा. लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक यांच्या मधलं काहीतरी. नाच करता येत नाही आणि भजनातही बसत नाही, असं त्याचे वडील म्हणायचे. ऐकणारे थोडे होते, पण जिवाला जीव देणारे. मुखपृष्ठं हेरंब लाकडी ठशांनी स्वतः छापायचा आणि पाकिटांवर पत्ते शलाका लिहायची. तिचं शिक्षण ध्वनिशास्त्रातलं. शिकवण्याची नोकरी सोडून ती या खोलीत आली होती आणि तिला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नव्हता.

संगमेश्वराच्या बाजूच्या एका वाडीत त्यांनी भागीरथीबाई आणि अनसूयाबाई या जावांचं कांडणगीत ध्वनिमुद्रित केलं, त्या दिवशीही तो पश्चात्ताप झाला नव्हता. भात कांडताना दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. गाणंही तसंच. भागीरथीबाई ओळ म्हणायच्या आणि त्यांचा दम संपायच्या आत अनसूयाबाई ती उचलायच्या. ती गात असताना ही श्वास घ्यायची. एकटीने हे गाणं म्हणायची पद्धतच नव्हती.

पण त्या दिवशी अनसूयाबाईंना खोकला झाला होता.

"थांबूया का?" हेरंबने विचारलं होतं.

"थांबून काय व्हतंय? तांदूळ थांबतील काय?" अनसूयाबाई म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या.

भागीरथीबाईंनी मुसळ टेकवलं. "ही अशीच, बाय माजे. लग्नात पन खोकत आली व्हती. सासऱ्यांना वाटलं, आजारी पोर गळ्यात मारली."

"आनि तरी तुज्यापेक्षा जास्त कांडते मी."

"कांडतेस, पन निम्मं खातेस."

ते सगळं हसणं, खोकणं, मुसळांचे ठोके, कोंबड्यांचं ओरडणं मुद्रणात आलं होतं. खोलीवर परत आल्यावर हेरंबने अनसूयाबाईंच्या ओळी बाजूला काढल्या. उरल्या भागीरथीबाईंच्या ओळी आणि त्यांच्यामध्ये रिकाम्या जागा, जिथे फक्त त्यांच्या श्वास घेण्याचा आवाज होता. श्वास कापणं हे मुद्रणात रोजचं काम आहे. भांड्याला कल्हई करावी तसं. हेरंबने एकेक श्वास नखाएवढा वेगळा करून काढला आणि ओळींची टोकं एकमेकांत अशी मुरवली की जोड ऐकू येऊ नये. तयार झालेलं गाणं ऐकून शलाकाच्या अंगावर काटा आला होता. एक बाई गात होती आणि ती कुठेच थांबत नव्हती. लाटेसारखा आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याचं नाव त्यांनी 'कांडण' ठेवलं.

पुढचं काम शलाकाचं.

*

कानांतले मणी तोपर्यंत सगळ्यांकडे आले होते. हरभऱ्याएवढे, कानाच्या आत बसणारे. ते गाणं ऐकवायचे आणि त्याच वेळी कानाच्या आतून श्वासाचा आवाज, नाडी, रक्तातला प्राणवायू हेही टिपायचे. शलाकाने अशी प्रणाली लिहिली की ऐकणाऱ्याचा श्वास मण्यांतून 'कातळ'ने शहरात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर यावा आणि गाणं त्या श्वासाला जुळवून त्याच क्षणी तयार व्हावं. प्रत्येकाला वेगळं 'कांडण'. आधी गाणं श्वासाच्या पावलावर पाऊल ठेवून चालतं, मग अगदी थोडं मागे राहतं. श्वास गाण्यासाठी थांबतो आणि संथ होतो. मग गाणं आणखी थोडं मागे.

यामागचं तत्त्व जुनं होतं. एकाच फळीवर दोन लंबकांची घड्याळं टांगली तर काही वेळाने त्यांचे लंबक एका तालात येतात. फळीतून पोचणारा इवलासा धक्का त्याला पुरतो. मेंदूच्या देठात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो आपण झोपेत असतानाही श्वासाचा ताल धरून ठेवतो. तोही एक लंबकच. जागेपणी त्याच्यावर शंभर गोष्टींचा ताबा असतो. झोपेत तो एकटा पडतो. अशा वेळी बाहेरून, रोज, त्याच्याच चालीने चालणारा एक आवाज येत राहिला तर तो त्या आवाजाच्या तालात येतो. शलाकाचा अंदाज एवढाच होता आणि तो खरा ठरला. ज्यांना वर्षानुवर्षं झोप नव्हती ती माणसं झोपायला लागली. हेरंब त्यांतला पहिला.

तिच्या नजरेतून निसटलं ते हे. गाणाऱ्या माणसाला श्वास घ्यावाच लागतो. कितीही संथ गायलं तरी एक ओळ फुप्फुसापेक्षा मोठी होऊ शकत नाही. भागीरथीबाईंच्या गाण्यात ही मर्यादा होती आणि हेरंबने ती कापून काढली होती. त्यामुळे तिच्या प्रणालीला कुठे थांबायचं ते कळेना. ती ओळ ताणत राहिली. ऐकणाऱ्यांचे श्वास महिन्यागणिक संथ होत गेले. रक्तात कर्बवायू थोडा थोडा जास्त साठायला लागला आणि शरीराला त्याची सवय झाली. हाच वायू वाढला की शरीर घाबरून श्वास घेतं. तो शेवटचा पहारेकरी. त्यालाही आता डुलक्या येत होत्या.

आलेखांवर ते स्वच्छ दिसत होतं. झोपेत कुणाचं नेट गेलं, गाणं तुटलं, की त्या माणसाच्या श्वासाची रेषा सपाट व्हायची. मग एक मोठा झटका आणि पुन्हा लाटा. सुरुवातीच्या महिन्यांत ही सपाटी पापणी लवेपर्यंतची होती. आता ती संपेपर्यंत शलाकाला स्वतःचा श्वास रोखून धरता येत नसे.

आणि एक आलेख असा होता की सपाटीनंतर पुढे काही नव्हतं. मण्यांनी तिथेच पाठवणं बंद केलं होतं. ऐकणारी साताऱ्याकडची कुणी बाई होती. तिचं नाव प्रणालीत नव्हतं, नुसता एक क्रमांक.

*

लाइट गेली त्या दुपारी शलाकाने हेरंबला तो आलेख दाखवला.

त्याने तो बराच वेळ पाहिला. "कानातून मणी काढला असेल," तो म्हणाला.

"झोपेत?"

"झोपेत निघतो. माझा किती वेळा उशीखाली सापडतो."

"मग दुसऱ्या दिवशी परत लावला असता. तिने परत लावलेला नाही."

"कंटाळली असेल. हरवला असेल. कुत्र्याने खाल्ला असेल. शलाका, तू एका रेषेवरून माणूस मारतेस."

"मी तुला आज एका दोऱ्यावरून मरताना पाहिलं."

हेरंब हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. तो उठला, खिडकीपाशी गेला. सड्यावरचं गवत वाळलं होतं आणि खाली दूर समुद्राची पांढरी पट्टी दिसत होती.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

"थोडे दिवस."

"आणि मला आज सांगतेस."

"सांगितलं असतं तर तू रात्री मणी काढून झोपला असतास," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यानेच जाशील."

तो वळला. आता त्याला समजलं होतं. ती कुणाला का सांगू शकली नव्हती तेही समजलं होतं. उद्या जाहीर केलं की हे गाणं धोक्याचं आहे, तर माणसं घाबरून आजच मणी काढून फेकतील आणि एकटी झोपतील. जाहीर नाही केलं तर रोज नवी माणसं लावतील. दोन्हीकडे तीच सपाट रेषा.

"दुरुस्त करू," हेरंब म्हणाला. "मी कापलं, मीच जोडतो. श्वास आहेत ना अजून डिस्कवर?"

"आहेत. अनसूयाबाईंच्या ओळीही आहेत."

"खोकल्यासकट?"

"खोकल्यासकट."

"असू दे. म्हातारीचा खोकला आता लाखमोलाचा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांनी काम केलं. लग्नाच्या सुरुवातीला करायचे तसं, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून, चहा गार होऊ देत. भागीरथीबाईंची ओळ, मग त्यांचा श्वास, त्यावर अनसूयाबाईंची ओळ. शलाकाने प्रणालीला सांगितलं की ओळ इथवरच ताणायची, या श्वासापुढे नाही. जेवण झाल्यावर हेरंब गादीवर आडवा झाला आणि मणी त्याने स्वतःच कानांत घातले.

"मी झोपलो की एकदा बंद करून बघ," तो म्हणाला. "नवीन गाण्यावरून उतरता येतं का ते कळेल."

"बघते."

"आणि गालावर मारणार असशील तर डाव्या. उजवा अजून दुखतोय."

तो झोपला. शलाका पडद्यापाशी बसली. रेषा लवकरच बदलली. लाटा जवळ जवळ आल्या, भरल्या. प्राणवायूचा आकडा वर चढला. किती महिन्यांनी त्याचा चेहरा असा गुलाबी दिसत होता. तिला रडू येईल असं वाटलं.

स्पीकरवर तिने आवाज अगदी बारीक ठेवला होता. भागीरथीबाई ओळ म्हणत होत्या, श्वास घेत होत्या, अनसूयाबाई ती उचलत होत्या. मग अनसूयाबाई खोकल्या.

गादीवर हेरंब खोकला.

शलाकाने मान वळवली. तो गाढ झोपेत होता. पापण्या हलत नव्हत्या. घसा खवखवल्याचं काही चिन्ह नव्हतं. ती पुन्हा पडद्याकडे वळली, योगायोग असेल असं स्वतःला सांगत. गाणं फिरून त्याच जागेवर आलं. अनसूयाबाई दोनदा खोकल्या, एक लहान, एक मोठा. हेरंब दोनदा खोकला. एक लहान, एक मोठा. तोच सूर, तेच घोगरेपण. त्याच्या छातीतून एक म्हातारी बाई खोकत होती.

शलाकाचं बोट बटणावर होतं. बंद करायचं ठरलं होतं. एकदाच, थोडा वेळ, ती समोर असताना. तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. ते तिचंच होतं आणि तिचं ऐकत नव्हतं. गाणं चालू राहिलं, हेरंब खोकत राहिला, आणि शेवटी तिने त्याला हाक मारून उठवलं.

"झकास!" तो आळस देत म्हणाला. त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला. "अरे वा. कॉलेजात असताना इतका असेल माझा. झालं की दुरुस्त."

"तू खोकत होतास."

"मी?"

"त्या खोकल्या की तू खोकत होतास."

"म्हणजे नीट ऐकत होतो."

"तू ऐकत नव्हतास, हेरंब. तू तेवढंच करत होतास. त्या श्वास घेतात म्हणून तू घेतोस. त्यांनी नाही घेतला तर..."

"बंद करून पाहिलंस?"

ती पडद्याकडे वळली.

"शलाका, बंद करून पाहिलंस का?"

"नाही."

"का?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हेरंबने मणी डबीत ठेवले, डबीचं झाकण लावलं, परत उघडलं आणि एक मणी खिशात टाकला. आपण काय केलं ते त्याच्या बहुधा लक्षातही आलं नाही. शलाकाच्या आलं.

"हे बघ," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "नवं गाणं चालतं. ते चालू असेपर्यंत कुणाला धोका नाही. जुनं काढू, नवं घालू, कुणाला कळणारही नाही. जोडीला दुसरा सर्व्हर ठेवू. डॉक्टरांना नवं देऊ. कुणी मरणार नाही. मग झालं ना?"

"चालू असेपर्यंत," शलाका म्हणाली.

"विजेवर काय काय चालतं जगात! तेही बंद पडेल म्हणून आपण घाबरतो का?"

उद्या सांगू, तिने मनाशी म्हटलं. डॉक्टरांशी बोलून मग ठरवू. किती आठवडे ती हेच म्हणत होती.

*

डॉक्टर मंजिरी ओगले सकाळच्या बोटीने आल्या. पन्नाशीच्या, बारीक, पायात कापडी बूट. वाटेत घेतलेली शहाळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली.

"ही ती खोली? मला वाटलं मोठी यंत्रं असतील."

"यंत्रं हिच्या डोक्यात आहेत," हेरंब म्हणाला. "मी फक्त गालिचे झटकतो."

डॉक्टर हसल्या. खुर्चीत बसल्यावर त्यांचे खांदे एकदम खाली आले, तेव्हा त्या किती थकल्या आहेत ते दिसलं. त्यांच्या हाताखालच्या वॉर्डांत दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं असायची, तळहातावर मावतील अशी. काचपेटीत लहान स्पीकर ठेवून काही महिने त्यांनी 'कांडण' वापरून पाहिलं होतं. बाळांच्या अंगाला लावलेली यंत्रं श्वास टिपायची आणि गाणं तसं जुळायचं.

"ही मुलं श्वास घ्यायला विसरतात," त्या म्हणाल्या. "अक्षरशः विसरतात. मेंदूतलं ते केंद्र अजून तयार झालेलं नसतं. नर्स तळपायाला टिचकी मारते, मूल दचकतं, श्वास घेतं. रात्रंदिवस हेच. एक नर्स आणि टिचक्या मारायला मुलंच मुलं. तुमचं गाणं लावल्यापासून टिचकी मारावी लागलेली नाही. माझ्या नर्सेस तुमच्या त्या बाईंना देवी म्हणतात."

"भागीरथीबाईंना कळलं तर नारळ मागतील," हेरंब म्हणाला.

शलाकाने विचारलं, "मुलं घरी गेल्यावर काय होतं?"

"घरी? पालक छोटा स्पीकर घेऊन जातात. लावतात झोपताना. बहुतेक आयांना ते आवडतंच."

"आणि ती मोठी झाली की ते केंद्र आपलं आपण चालायला लागतं?"

"लागायला हवं."

"बघितलंय का तुम्ही?"

डॉक्टरांनी शहाळ्याची नळी बोटांनी सरळ केली. "अजून तेवढे दिवस झालेले नाहीत."

"डॉक्टर, गाणं कधी बंद पडलं होतं का? वॉर्डात?"

"तुमच्याकडून कधीच नाही. उत्तम सेवा आहे."

"तुमच्याकडून?"

हेरंब काही बोलायला गेला, शलाकाने नुसता हात वर केला.

"एकदा नेट गेलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "दुपारी. नर्सेस जेवून नुकत्याच परत आल्या होत्या, म्हणून बरं."

"म्हणजे?"

"मॉनिटर वाजायला लागले."

"किती मुलांचे?"

"सगळ्यांचे."

"एकामागून एक?"

डॉक्टर ओगलेंनी मान वर केली. त्यांचे डोळे आता थकलेले नव्हते, उघडे होते. "नाही," त्या म्हणाल्या. "एकदम. एकाच क्षणी, सगळ्या पेट्या. मी दारातच होते. असा आवाज मी कधी ऐकला नाही. आम्ही धावलो. मुलांच्या आया धावल्या, झाडूवाली मावशी धावली, जो तो ज्याच्या त्याच्या पायाला टिचक्या मारत होता. सगळी वाचली. सगळी वाचली, हे मला आधी सांगायला हवं होतं. मी नोंदीत लिहिलं, वीजदाबामुळे मॉनिटर बिघडले. आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं. आत्ता तुम्ही विचारेपर्यंत."

हेरंबचा हात खिशातल्या मण्यावर गेला होता. तो तिथेच राहिला.

"म्हणूनच नवं गाणं केलंय आम्ही," तो म्हणाला, पण शलाकाकडे पाहत. "त्यात श्वास आहेत. सुधारलेलं आहे. हिला विचारा. शलाका, सांग ना."

शलाका त्या पेट्यांचा विचार करत होती. त्या मुलांना हेही माहीत नव्हतं की श्वास आपला असतो. हेरंबला निदान ते एकेकाळी माहीत होतं. चाळीस वर्षं त्याने ते बिनबोभाट केलं होतं, सायकल चालवताना, पोहताना, तिच्याशी भांडताना. कदाचित शरीराला ते परत आठवेल. कदाचित आठवणार नाही. मोजून कळण्यासारखी ही गोष्ट नव्हती आणि आणखी वाट पाहिल्यानेही ती कळणार नव्हती. रोज एक एक दिवस तो पहारेकरी आणखी झोपत होता, हेरंबच्या छातीत, त्या पेट्यांत, नुसता क्रमांक असलेल्या सगळ्या खोल्यांत.

"सांग ना," हेरंब पुन्हा म्हणाला. आता तो विनवत होता. नक्की काय विनवत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. हा माणूस तिला हवा होता, दुसरं काहीही त्याच्याएवढं हवं नव्हतं. इतके आठवडे तिने याच एका कारणासाठी तोंड मिटून ठेवलं होतं. त्याच कारणाने तो आता थोडा थोडा संपत होता.

ती डॉक्टरांकडे वळली.

"गाणं आम्ही देणार नाही, डॉक्टर. जुनं नाही, नवंही नाही. आज जे कुणी ते ऐकतात त्या सगळ्यांना मी खरं काय ते सांगणार आहे. एकट्याने झोपू नका, शेजारी कुणीतरी जागं राहा, श्वास थांबला की उठवा, आणि मणी घरात एकट्याने काढू नका, दवाखान्यात जाऊन काढा. सगळे पोचले की मग सर्व्हर बंद. तुमच्या मुलांजवळ आजपासून माणसं वाढवा. गाणं हळूहळू उतरवायचं कसं ते मी तुमच्याबरोबर बसून बघेन. लागेल तितके दिवस बसेन."

डॉक्टरांनी सावकाश मान हलवली.

"आणि मोठ्यांच्या विभागात व्हेंटिलेटरजवळची एक खाट लागेल मला. आजच."

"कुणासाठी?"

शलाकाने हात पुढे केला आणि तो त्याच्या खिशापाशी उघडा धरून ठेवला.

"ह्याच्यासाठी," ती म्हणाली. "पहिलं मी ह्याचं बंद करणार आहे."